कालप्रवासकथेतील वस्तू आणि पुरावा : 'टाइमलाइन' या कादंबरीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

विज्ञानसाहित्याची समीक्षा करताना 'यातील विज्ञान खरे आहे काय?' हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. कालप्रवासाच्या कथांबाबत तो फार दूर नेत नाही. भूतकाळात जाता येते असे आजवर कोणत्याही प्रयोगाने दाखविलेले नाही; तेव्हा या निकषावर सर्वच कालप्रवासकथा एकाच पंगतीला बसतात. त्याऐवजी कथेतील पात्रे पुरावा कसा हाताळतात, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. कारण अशा कथांमध्ये बहुधा एक गूढ वस्तू असते आणि अविश्वसनीय घटना खरी मानावयाची की नाही, याचा सारा भार त्या वस्तूवर असतो. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीत प्रवाशाने भविष्यातून आणलेली दोन पांढरी फुले हेच कार्य करतात.

प्रस्तुत लेखात मायकेल क्रायटन (१९४२–२००८) यांच्या 'टाइमलाइन' (१९९९) या थरारकादंबरीतील अशा वस्तूचा विचार केला असून, तुलनेसाठी डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घेतली आहे.

वस्तूचा शोध

फ्रान्समधील दॉर्दोन्य परिसरात येल विद्यापीठाच्या प्राध्यापक जॉन्स्टन यांच्या मार्गदर्शनाखाली चौदाव्या शतकातील एका वसाहतीचे उत्खनन चालू आहे. प्राध्यापक कामानिमित्त अमेरिकेत गेलेले असताना मठाच्या अवशेषांत शतकानुशतके बंद असलेली एक खोली सापडते. तिच्यात चर्मपत्रे मिळतात आणि आधुनिक बायफोकल चष्म्याची एक काचही मिळते. एका चर्मपत्रावर १३५७ सालच्या एप्रिलमधील तारीख घालून मदतीची याचना केलेली आहे आणि हस्ताक्षर प्राध्यापकांचे आहे.

कादंबरीचा हा भाग सर्वांत सकस आहे. उत्खननस्थळी नंतरच्या काळातील वस्तूची भेसळ झाली असावी, हा पहिला संशय घेतला जातो. मग शाईचे वय कार्बन-कालमापनाने तपासले जाते. प्रत्येक सोपे स्पष्टीकरण बाद झाल्यावरच अशक्य वाटणारे स्पष्टीकरण पुढे येते. क्रायटन यांनी 'स्फिअर' (१९८७) या कादंबरीतही हीच रीत वापरली होती. तेथे समुद्रतळाशी सापडलेल्या यानाचे वय त्यावर वाढलेल्या प्रवाळाच्या थरावरून ठरविले जाते आणि ते यान भविष्यातील निघते. वाचकाचा विश्वास यंत्राच्या वर्णनाने संपादन होत नाही. तो तपासणीच्या क्रमाने संपादन होतो, हे लेखकाला नीट ठाऊक होते.

सिद्धान्त आणि वस्तू यांतील विसंगती

पुढे आय.टी.सी. ही खासगी कंपनी प्राध्यापकांच्या शिष्यांना आपल्या तंत्रज्ञानाची माहिती देते. कंपनीच्या मते हा कालप्रवास नव्हेच. पुंजभौतिकीतील अनेक-विश्व कल्पनेनुसार असंख्य विश्वे अस्तित्वात असून, प्रवासी ज्या विश्वात १३५७ साल चालू आहे तेथे पाठविला जातो. दोन फटींच्या प्रयोगात प्रकाशकणांचा जो व्यतिकरण-आकृतिबंध दिसतो, त्याचा आधार यासाठी घेतला आहे.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. प्राध्यापक दुसऱ्या विश्वात गेले असतील, तर त्यांनी तेथे लिहिलेले पत्र आपल्या विश्वातील मठात कसे सापडले? विश्वे परस्परांवर परिणाम करतात, एवढ्या गृहीतावर कादंबरी हा प्रश्न सोपविते. परंतु कणांच्या पातळीवरील व्यतिकरण आणि शाईने लिहिलेला मजकूर यांत महदंतर आहे. म्हणजे ज्या वस्तूने कथेला जन्म दिला, तिलाच कथेतील सिद्धान्तात जागा नाही. कालप्रवास अशक्य असणे हा दोष नव्हे. तो विधेचा संकेत आहे. आरंभी इतक्या काटेकोरपणे तपासलेली वस्तू पुढे कोणी तपासत नाही, हा खरा दोष होय. शिष्य भूतकाळात पोहोचताच सदतीस तासांची मुदत सुरू होते आणि पत्र हे केवळ सुटकेच्या मोहिमेचे निमित्त उरते.

अर्थात कादंबरीच्या जमेच्या बाजूही नोंदविल्या पाहिजेत. शतवर्षीय युद्धाच्या धामधुमीतील भाडोत्री सैन्य, भाषेच्या अडचणी आणि मध्ययुगाविषयीचे गैरसमज यांचे चित्रण अभ्यासपूर्ण आहे. भूतकाळ ही विक्रीयोग्य वस्तू करू पाहणारा कंपनीप्रमुख डॉनिगर अखेर प्लेगच्या १३४८ सालात पाठविला जातो, यातील उपरोध भेदक आहे. तसेच मागे राहिलेल्या मारेकची समाधी सहकाऱ्यांना शेवटी दिसते, तेव्हा वस्तूला हरवलेले गांभीर्य काही काळ परत मिळते.

फाटके पान

नारळीकरांच्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जातात, जेथे १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झाले आहेत. गंगाधरपंत गोंधळून न जाता ग्रंथालयात जातात. इतिहासाचे खंड क्रमाने चाळत, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सारे परिचित आहे आणि फरक त्यानंतर पडला आहे, हे ते निश्चित करतात. बखरीत त्यांना विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली गोळी सापडते. आपल्या जगात परतल्यावर त्याच बखरीचे एक फाटके पान खिशात निघते.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे पानही निर्दोष नाही. एका विश्वातील कागद दुसऱ्यात कसा आला, ही अडचण येथेही शिल्लक राहते. परंतु राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजसिद्धान्तातील अनिश्चितता यांच्या आधारे जे सांगतो, ते तर्क म्हणून सांगतो; सिद्ध तंत्रज्ञान म्हणून विकत नाही. पान पाहण्यापूर्वी तो गंगाधरपंतांचा अनुभव कल्पनेचा खेळ समजतो. पान पाहिल्यावर त्याला आपले मत बदलावे लागते. वस्तू कथेच्या शेवटी येते आणि शेवटपर्यंत पुरावाच राहते.

निष्कर्ष

दोन्ही कृतींतील विज्ञान एकाच ठिकाणी अडखळते. तरीही त्यांचे मूल्य समान नाही. 'टाइमलाइन'मध्ये प्रश्न वस्तूपासून सुरू होतो व साहसात विरून जातो. नारळीकरांच्या छोट्या कथेत साहस संपते आणि वस्तूपाशी प्रश्न उभा राहतो. विज्ञानकथेची काटेकोरता तिच्यातील समीकरणांच्या संख्येवर ठरत नसून, समोर आलेल्या पुराव्याला पात्रे किती काळ उत्तरदायी राहतात यावर ठरते. साधनाची चिकित्सा हा इतिहासाचा आणि निरीक्षणाची फेरतपासणी हा विज्ञानाचा पाया आहे. या दोन्ही शिस्ती एका फाटक्या पानावर एकत्र येऊ शकतात. म्हणूनच या विधेचा अभ्यास केवळ भाषा-विभागापुरता मर्यादित न ठेवता इतिहास व विज्ञान विभागांच्या सहभागाने व्हावा, असे वाटते.