भूमिका कोणाची, देह कोणाचा?

मराठी नाटकात मुसलमान पात्र आलं की बहुधा ते ठरलेल्या साच्यातून येतं. तोंडी मोडकंतोडकं हिंदी-मराठी, स्वभाव एक तर दिलदार नाही तर कपटी. ते लिहिणारा, करणारा आणि त्याला टाळ्या देणारा, तिघेही आपल्या मोहल्ल्याबाहेरचे. आमच्याविषयी आम्हालाही बोलू द्या, हे म्हणण्यासाठीच १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. नेमकी हीच तक्रार अपंगांचीही आहे. रंगमंचावरचा आंधळा, लंगडा, मुका हा धडधाकट नट करतो, आणि ‘किती हुबेहूब’ म्हणून बक्षीसही तोच नेतो.

या तक्रारीला कृतीने उत्तर देणारी एक नाटकमंडळी इंग्लंडमध्ये १९८० साली उभी राहिली. तिचं नाव ‘ग्रेआय’. संस्थापक दोघे. नबील शाबान जॉर्डनमधल्या अम्मान शहरात जन्मलेले, हाडं ठिसूळ करणाऱ्या जन्मजात आजारामुळे चाकाच्या खुर्चीवर वावरणारे. लहानपणीच उपचारासाठी इंग्लंडला आणलेले. दुसरे रिचर्ड टॉमलिन्सन, धडधाकट शिक्षक. दोघांची भेट एका कॉलेजात झाली आणि तिथूनच नाटकाचा विचार निघाला. ग्रीक पुराणात ग्रेआय या तीन बहिणी आहेत. तिघींत मिळून एकच डोळा आणि एकच दात, पाळीपाळीने वापरायचा. उणीव वाटून घेणं हे ज्या मंडळीचं तत्त्व, तिला याहून चांगलं नाव मिळालं नसतं. पहिल्या नाटकाचं नाव होतं ‘साइडशो’. वेगळ्या शरीराची माणसं जत्रेत तिकीट लावून दाखवण्याच्या खेळाला इंग्रजीत हा शब्द आहे. तुम्ही आम्हाला बघायला येताच, तर आता आमच्या अटींवर बघा, असा त्या नावाचा रोख.

मंडळीबाहेर शाबान यांच्या वाट्याला काय आलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘डॉक्टर हू’ या दूरदर्शन मालिकेत त्यांनी १९८५ साली परग्रहावरचा लोभी प्राणी सिल केला आणि त्याच भूमिकेने ते घराघरांत पोचले. पाकिस्तानी दिग्दर्शक जमील देहलवी यांच्या ‘बॉर्न ऑफ फायर’ या १९८७च्या चित्रपटात ते ‘मूक’ होते. एकात माणूसपण नाही, दुसऱ्यात वाचा नाही. म्हणून स्वतःची मंडळी लागते.

१९९७पासून ‘ग्रेआय’ची धुरा जेनी सीली यांच्याकडे आली. त्या स्वतः लहानपणापासून बहिऱ्या. त्यांच्या कामाचं खरं मोल मला तंत्रात दिसतं. एरवी बहिऱ्या प्रेक्षकांसाठी खुणांची भाषा बोलणारा माणूस रंगमंचाच्या कोपऱ्यात उभा करतात. पाहुण्याला दारातच बसवावं तसा. सीली त्याला पात्रच करतात. सेरा केनचं ‘ब्लास्टेड’ त्यांनी २००६ साली केलं, तेव्हा लेखिकेच्या रंगसूचनाच नट मोठ्याने बोलले. आंधळ्या प्रेक्षकाला दृश्य कळलं आणि डोळस प्रेक्षकाला ती हिंसा पाहण्याबरोबर ऐकावीही लागली. सोय हाच आशय झाला. याच सीलींनी २०१६ साली ढाक्यात ‘ढाका थिएटर’बरोबर अपंग कलावंतांना घेऊन ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बंगालीत उभं केलं. म्हणजे हे फक्त श्रीमंत देशांचे चोचले नव्हेत.

या वाटेवर धोकेही आहेत. प्रत्येक गोष्ट तीन भाषांत सांगायची तर नाटक संथ होतं. प्रेक्षकाची नजर खुणा आणि चेहरा यांत विभागते. दिग्दर्शक कच्चा असेल तर सोयीचं ओझं होतं. दुसरा धोका प्रेक्षकांत आहे. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी एकोणीस अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ केलं. अशा प्रयोगानंतर आपण डोळे पुसत उभे राहून टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. यक्षाची भूमिका कशी वठली, शब्द कुठे पडले, हे कोणी विचारत नाही. ती टाळी सदक्यासारखी असते. देणारा मोठा होतो, घेणारा होता तिथेच राहतो. ज्या नटाचा अभिनय फसला हे आपण सांगू शकत नाही, त्याला आपण नट मानलेलंच नसतं.

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही. कुरैशच्या सरदारांशी बोलणं चाललं असताना आंधळे अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम मधे आले. पैगंबरसाहेबांच्या कपाळावर आठी पडली, आणि सूरह अबसमध्ये त्या आठीबद्दल खुद्द त्यांनाच टोकलं गेलं. पुढे हेच अब्दुल्ला मदीनेत अजान देत. साहेब बाहेरगावी असताना नमाजची इमामतही त्यांनी केली. त्यांना खैरात नव्हे, जबाबदारी मिळाली. आवाज त्यांचा आणि जागाही त्यांची.

आज आपल्या किती मशिदींच्या पायऱ्यांना उतार आहे? जुम्म्याचा खुतबा बहिऱ्या माणसाला कळावा म्हणून कोणी काय करतं? मोहल्ल्यात आपण एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारतो की ‘लंगडा’, ‘बहिरा’ म्हणून? आमची भूमिका आम्हाला द्या, असं मराठी रंगभूमीला बजावताना आपल्याच घरातल्या माणसाची भूमिका आपण अडवून बसलो नाही ना, हे तपासलं पाहिजे. संमेलनांत आणि मदरशांच्या वार्षिक जलशांत एखादं नाटुकलं बसवताना चाकाच्या खुर्चीवरच्या पोराला मुख्य पात्र द्यावं. आणि ते चुकलं तर बिनदिक्कत चुकलं म्हणावं.