फितुराच्या घरात कोणी जात नाही

संभाजी महाराजांवरचा 'छावा' चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्यातल्या गणोजी-कान्होजी शिर्क्यांच्या फितूर म्हणून केलेल्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली आणि वाद मिटला. मला त्या मिटण्याचाच राग आला. शिर्के फितूर होते की नव्हते, एवढ्यावरच सगळे भांडले. चित्रपटाला शंभर नंबरी फितूर हवा होता, वंशजांना शंभर नंबरी पूर्वज. मधला माणूस कोणालाच नको होता.

आणि मधला माणूस केवढा आहे बघा. संभाजीराजांची राणी येसूबाई ही गणोजीची बहीण. शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर त्याची बायको. तक्रार दाभोळच्या वतनाची: सोयरिकीत कबूल झालेलं वतन हातात पडलं नाही. तो मोगलांना मिळाला. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटायचं होतं, तेव्हा वाट या मोगलांच्या चाकरीतल्या शिर्क्यांच्या हातात होती. खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन त्यांना लिहून दिलं आणि छत्रपती सुटले, असं परंपरा सांगते. आता हे खंडो बल्लाळ कोण? ज्यांचे वडील बाळाजी आवजी १६८१ मध्ये संभाजीराजांच्या हुकमाने मारले गेले, ते. एकाच्या बापाला राजाने मारलेलं, दुसऱ्यावर त्याच राजाच्या घाताचा आळ, आणि दोघे मिळून वतनाच्या एका कागदावर गादीचा वारस वाचवतात. एवढा ऐवज हाताशी असताना आपण संभाजीराजे पकडले गेले त्या संगमेश्वरला थांबतो, कारण तिथे रडता येतं.

दूरचित्रवाणीवर वेगळं काय चाललंय? 'स्वराज्यरक्षक संभाजी'ने २०१७ ते २०२० अनाजी दत्तोंना घरोघरी पोचवलं. पण ज्या माणसाने शिवाजी महाराजांसाठी जमिनीच्या मोजणीची आणि साऱ्याची घडी बसवली, तो युवराजाच्या विरोधात का गेला, हे शेकडो भागांनंतरही कळलं नाही. पंत कट करतात, कारण पंत कट करतात. त्या कथेतला खरा पेच हंबीरराव मोहित्यांचा होता. सख्खी बहीण सोयराबाई राजारामाला गादीवर बसवू पाहते आणि भाऊ सैन्यासह संभाजीराजांकडे जातो. सेनापती त्या रात्री झोपला कसा, हे दाखवण्याऐवजी आपण त्याला निष्ठेचा पुतळा केला. दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटांबद्दल बोलायला नको. तिथे निष्ठा हा श्वास आहे आणि श्वासावर नाटक होत नाही.

पूर्वी असं नव्हतं. १९८७ च्या 'स्वामी' मालिकेत राघोबादादा होते. पुतण्यावर माया आणि गादीवर डोळा, दोन्ही एका अंगरख्यात. त्याआधी १९७२ मध्ये तेंडुलकरांचा घाशीराम पोटच्या पोरीच्या मोबदल्यात कोतवाली घेऊन रंगभूमीवर उभा राहिला होता. खलनायकाला घर असतं, घरात मूल असतं आणि सौदा त्या मुलाचा होतो, हे मराठी लेखकाला पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

म्हणूनच 'द मॅन इन द हाय कॅसल' पुन्हा पाहताना मला आपलीच चोरी झाल्यासारखं वाटलं. फिलिप के. डिकच्या १९६२ च्या कादंबरीवरची ही अ‍ॅमेझॉनची मालिका, २०१५ ते २०१९. दुसरं महायुद्ध जर्मनी-जपानने जिंकलंय, अमेरिका वाटून घेतलीय. नायक-नायिका फिकट आहेत. फिल्मच्या रिळांची आणि समांतर जगांची भानगड तर शेवटी कंटाळा आणते. मालिका उभी आहे ती जॉन स्मिथवर. रूफस सेवेलने केलेला हा माणूस कालपर्यंत अमेरिकी सैन्यात अधिकारी होता, आज नाझींचा ओबरग्रुपेनफ्युरर आहे. सकाळी न्याहारीच्या टेबलावर मुलाला शिस्त शिकवतो आणि मग कचेरीत जाऊन माणसं मारवतो.

मग डॉक्टर सांगतो की मुलगा थॉमस याला आनुवंशिक आजार आहे. राजवटीचा कायदा स्पष्ट आहे, अशांना जगू द्यायचं नाही. कायदा राबवणारा बाप. डॉक्टर सहानुभूतीने त्याला एक सुई देतो, घरच्या घरी, वेदना न होता उरकून टाका म्हणून. स्मिथ ती सुई डॉक्टरलाच टोचतो. इथे प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो, आणि दिग्दर्शकाचा सापळा हाच आहे. कारण ज्यांचा बाप ओबरग्रुपेनफ्युरर नाही, त्या मुलांचं काय, हा प्रश्न स्मिथ स्वतःला विचारत नाही. मुलगा विचारतो. बापाने शिकवलेलं त्याने खरं मानलेलं असतं, म्हणून तो स्वतःहून आरोग्य खात्याच्या माणसांपुढे उभा राहतो. स्मिथची निष्ठा दुभंगलेली आहे, पण तो वाईट माणूस राहतो. पुढे दुसऱ्या जगात त्याला जिवंत थॉमस भेटतो, तरी तो सुधारत नाही. लेखकांनी त्याला माफी दिली नाही आणि समजून घेणंही सोडलं नाही. आपल्याकडे या दोन्हींत गल्लत होते. समजून घेतलं की माफ केलं, असा ओरडा होतो.

'असं घडलं असतं तर' हा प्रकार मराठीला परका आहे, असं कोणी म्हणू नये. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासराव गोळीतून वाचतात आणि इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. कथा सुरेख आहे. पण तिथे फाटा गोळीवर ठरतो, माणसाच्या निवडीवर नाही. दुसऱ्या फाट्यावर कोणाचं मीठ खायचं, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

तो प्रश्न पडायला आमचा धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद, जिल्हा पुरेसा आहे. १६५९ मध्ये अफझलखान तुळजापूरवरून गेला, तेव्हा त्याच्या फौजेत मंबाजी भोसले होते, महाराजांच्या भाऊबंदांपैकी. खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल, अशी आदिलशाही फर्मानं मावळात गेली. कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं. उत्रोळीच्या खंडोजी खोपड्यांनी सोडलं नाही. तीच हुकूमत, तेच वतन, तीच पोरंबाळं. पुढे खोपडे सापडले तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली केली ती जेध्यांनीच. एक हात आणि एक पाय कापून त्यांना सोडण्यात आलं. जेध्यांची शपथ आपण शंभरदा पाहिली. फर्मान आलं त्या रात्री खोपड्यांच्या वाड्यात काय बोलणं झालं, ते एकदाही नाही. नळदुर्गात इंग्रजांचा कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने १८६३ च्या 'तारा' कादंबरीत तुळजापूरची मुलगी आणि अफझलखानाचा मुलगा समोरासमोर आणले. साहेबाची दृष्टी साहेबाची होती, पण शत्रूच्या घरात शिरण्याचं धाडस त्याने केलं.

आणि खरी पर्यायी इतिहासाची मालिका तर १९४८ मध्ये पडून आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भारताशी झालेला २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे-थे करार वर्षभराचा होता. तो लांबत गेला असता तर? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरलीच नसती तर? गावाचं नाव उस्मानाबादच असतं, आणि तहसील कचेरीत एक मराठी पेशकार असता. उस्मानियात शिकलेला, उर्दू सहीचा, घरात मात्र तुळजाभवानीचा कुळाचार पाळणारा. दिवसा लेव्हीचं धान्य वसूल करणारा. त्याचा मुलगा बार्शीच्या बाजूच्या निजामविरोधी लढ्याच्या कॅम्पात जाऊन करोडगिरी नाक्यावर हल्ला करून आला, आणि नाक्यावरच्या साक्षीदाराचा जबाब बापाच्या टेबलावर आला. यापुढे लेखकाला फार काही शोधावं लागणार नाही.

मुद्दाम पेशकार मराठी आणि हिंदू ठेवतोय. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांवरचे आपले चित्रपट, २०१५ चा मराठी असो की २०२४ चा तेलुगू, नाव आणि टोपी पाहून खलनायक ठरवतात. निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात लायक अलींचे उपपंतप्रधान पिंगळ व्यंकटराम रेड्डी होते. उलट, विलीनीकरणाची बाजू मांडणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांच्या हातून मारले गेले. निष्ठा टोपीप्रमाणे वाटलेल्या नव्हत्या. आणि भारतीय फौजेच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यात सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा फडकवताना हे बोललं जात नाही. जिंकलेल्या बाजूच्या हातालाही रक्त असतं, ही गोष्ट ज्या मालिकेला दाखवता येत नाही, तिने खलनायक रंगवायच्या फंदात पडूच नये.

निर्माते म्हणतात, भावना दुखावतात. कोणाच्या? घराण्यांच्या दुखावतात, कारण आपण आडनावासकट शिक्का मारतो आणि कारण देत नाही. कारण द्या, आडनाव बदला, काल्पनिक इतिहास घ्या. पर्यायी इतिहासाची सोय त्यासाठीच आहे, तिथे कोणाचा पूर्वज नसतो. की प्रेक्षक असा माणूस स्वीकारणार नाहीत, ही भीती आहे? दोन-अडीच वर्षं केवळ अनाजीपंतांवर चिडण्यासाठी रोज रात्री जेवणं लवकर उरकणारे प्रेक्षक आहेत हे. त्यांना चिडण्यासाठी याहून चांगला माणूस दिला, तर ते टीव्ही बंद करतील असं मानायला माझ्यापाशी एकही कारण नाही.