गावचे चर्च कोणाचे? मोरीस बारेसच्या एका ग्रंथाच्या निमित्ताने

फ्रेंच कादंबरीकार व संसदसदस्य मोरीस बारेस याचा 'फ्रान्समधील चर्चमंदिरांची करुण दशा' या आशयाच्या नावाचा ग्रंथ १९१४ साली प्रसिद्ध झाला. कमानी, घुमट, शिल्पपट्ट यांची माहिती मिळेल या अपेक्षेने तो हाती घेणाऱ्याची निराशा होईल. संसदेतील भाषणे, पत्रव्यवहार व प्रवासातील टिपणे यांतून तो सिद्ध झाला आहे आणि १९१० पासून बारेसने चालविलेल्या चळवळीची ती हकीकत आहे. तरीही फ्रान्समधील जुन्या ग्रामीण चर्चचा विचार करणाऱ्याला हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. गावचे चर्च कोणाचे, ग्रामसभेचे, कलारसिकांचे, गावच्या मृतांचे, की वेदीसमोर जमणाऱ्या मंडळीचे, हा प्रश्न त्यात धारदारपणे मांडला आहे. बारेसने दिलेले उत्तर मला अर्धेच पटते.

प्रश्न समजण्यासाठी थोडा कायदा पाहिला पाहिजे. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये शासन व ख्रिस्तसभा विभक्त झाली. चर्चची मालमत्ता उपासकांच्या नव्या संस्थांकडे सोपवावी अशी योजना होती. परंतु या संस्थांच्या रचनेत बिशपांच्या अधिकाराची हमी नव्हती, म्हणून पोप दहावे पायस यांनी १९०६ साली ती नाकारली. परिणामी गावोगावची चर्च नगरपालिका व ग्रामसभा यांच्या मालकीची राहिली. २ जानेवारी १९०७ च्या कायद्याने ती धर्मगुरू व भाविक यांना उपासनेसाठी खुली ठेवली, आणि १३ एप्रिल १९०८ च्या कायद्याने त्यांच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची ग्रामसभांना मुभा दिली. मुभा दिली, बंधन घातले नाही. सारा ग्रंथ या एका भेदावर उभा आहे. छप्पर गळू लागले तर धर्मगुरूला मिस्सा अर्पण करण्याचा हक्क होता, कौल बदलण्याचा नव्हता. ज्यांना तो होता त्यांच्यापैकी कित्येकांना इच्छा नव्हती. भाविकांनी देऊ केलेला पैसाही विरोधी ग्रामसभांनी नाकारल्याची उदाहरणे बारेस देतो. (आल्सास व मोझेल हे प्रदेश १९०५ साली जर्मनीकडे असल्यामुळे तेथे हा कायदा लागू झाला नाही, तेथे जुना करारच अद्याप चालतो.)

कलेच्या दृष्टीने मोलाची चर्च शासन राखीलच, हे बारेसला मिळणारे ठराविक उत्तर होते. ते अगदीच पोकळ नव्हते. प्रॉस्पेर मेरिमे १८३४ साली ऐतिहासिक स्मारकांचा महानिरीक्षक झाला. व्हेझले येथील ढासळत चाललेल्या महामंदिराचे काम १८४० मध्ये तरुण व्हिओले-ल-द्यूककडे सोपविले गेले व ती वास्तू वाचली. पण बारेसने विचारले, जी सुंदर नाहीत त्यांचे काय? ज्यांच्या भिंतीवर एकही शिल्प नाही, ज्यांच्यासाठी कोणी प्रवासी आगगाडीतून उतरणार नाही, अशा ओबडधोबड चर्चसाठी तो संसदेत उभा राहिला. ग्रंथाचा हा भाग सर्वोत्तम आहे आणि ईशज्ञानाच्या कसोटीवरही तो उतरतो. वास्तू पवित्र होते ती समर्पणाने व उपासनेने. शतक आणि शैली पाहून पावित्र्याची प्रतवारी करता येत नाही. ३१ डिसेंबर १९१३ च्या स्मारकविषयक कायद्याने मात्र ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाचीच अट कायम ठेवली. साधी चर्च उघड्यावरच राहिली.

येथवर बारेसशी आपले जमते. बिघडते ते पुढे. चर्च का राखावे, याचे त्याचे कारण काय? त्यात पूर्वजांची स्मृती आहे, बाजूला त्यांच्या कबरी आहेत, गावाचे वळण व फ्रान्सचा आत्मा तेथे साठला आहे. धर्मगुरूविषयी तो आदराने बोलतो. वेदीवरील ख्रिस्ताविषयी मात्र फारसे बोलत नाही. अखेरच्या प्रकरणात तर झरे, वृक्ष व रानातील पुरातन देवतांनाही तो चर्चच्या मदतीला पाचारण करतो. भाषा मोहक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रूस आणि ग्रामदैवत यांच्या सीमेवर ज्याला रोज उभे राहून बोलावे लागते, त्या आपल्या धर्मशिक्षकाला हे प्रकरण अस्वस्थ करील. झऱ्याकाठच्या श्रद्धेला तुच्छ लेखावे असे मी म्हणत नाही. बारेसच्या लेखी झरा आणि क्रूस ही दोन्ही राष्ट्राच्या आत्म्याचीच नावे आहेत, हा माझा आक्षेप आहे. उद्या राष्ट्राला आत्म्याची गरज वाटेनाशी झाली, तर चर्चच्या बाजूने बोलायला त्याच्याजवळ काय उरते?

दहा वर्षे आधी, १६ ऑगस्ट १९०४ रोजी, 'फिगारो' दैनिकात मार्सेल प्रूस्तने 'कॅथीड्रलांचा मृत्यू' हा लेख लिहिला होता. ड्रेफस प्रकरणात हे दोघे परस्परविरुद्ध गोटांत होते आणि प्रूस्त उपासनेला जाणारा नव्हता, हे ध्यानात घेता लेखाचे नवल अधिकच वाटते. कॅथीड्रलाची प्रत्येक रेषा उपासनेसाठी आहे, उपासना थांबली की उरते ते केवळ संग्रहालय, असे त्याचे प्रतिपादन. इलिए गावातील लहानसे चर्च त्याच्या कादंबरीतील कोंब्रेच्या चर्चला आधारभूत झाले. बारेसहून तो वेदीच्या जवळ पोचला, असे माझे मत आहे. तरी तोही तेथे थांबत नाही. मिस्साची तुलना तो वाग्नरच्या संगीतनाट्याशी करतो व मिस्सा श्रेष्ठ ठरवतो. स्तुती खरीच, पण ती प्रेक्षकाच्या आसनावरून केलेली.

वेदीपाशी उभे राहिल्यावर काय दिसते, याला व्हिक गावचे उदाहरण पुरेसे आहे. मध्य फ्रान्समधील हे संत मार्टिनचे चर्च बाहेरून अगदी साधे. १८४९ साली तेथील धर्मगुरूला चुन्याच्या थराखाली बाराव्या शतकातील भित्तिचित्रे सापडली. शेजारच्या नोआँ येथे राहणारी लेखिका जॉर्ज सँड व मेरिमे यांच्या प्रयत्नाने पुढच्याच वर्षी चर्चला संरक्षण मिळाले. अभ्यासक त्या चित्रांतील वस्त्रांच्या चुण्या व रेषांचा वेग यांवर लिहितात, आणि लिहावेही. परंतु प्रभूचा जेरुसलेमप्रवेश, शेवटचे भोजन, शिष्यांचे पाय धुणे, यहूदाचे चुंबन हे प्रसंग नेमके वेदीभोवतालच्या भिंतींवर का रंगविले? कारण ज्या भोजनाचे चित्र भिंतीवर आहे तेच खाली वेदीवर साजरे होत होते. भाकर हाती घेणाऱ्या धर्मगुरूच्या बाजूलाच विश्वासघाताचे चुंबनही होते. उपासना वजा केली की चित्रे सुंदर राहतात, पण त्यांची जागा निरर्थक होते. गोव्याच्या बॉम जेझू महामंदिरात पुरातत्त्व खात्याचा फलक आणि रोजचा मिस्सा एकाच छताखाली नांदतात. तेथे पर्यटकांना माहिती सांगणाऱ्या आपल्या तरुणांनाही हा भेद सांगावासा वाटतो.

दोष केवळ ग्रामसभांचा नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या वर्षांत फ्रान्समधील अनेक धर्मगुरूंनीच वेदीचे कठडे, कबुलीघरे, संतांचे पुतळे अडगळ समजून बाहेर काढले. परिषदेचे नाव त्यासाठी घेतले गेले. परंतु १९६३ च्या उपासनाविषयक संविधानातील १२६ वे कलम पवित्र साहित्य व मोलाच्या वस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत म्हणून बिशपांना दक्षतेचा आदेश देते. ते कलम कितीजणांनी वाचले होते?

बारेसची भीती आज नव्या रूपाने खरी ठरत आहे. आता ग्रामसभांचे वैर ओसरले आहे. पैसा व उपासक यांची वाण आहे. २०१९ साली पॅरिसचे नोत्र दाम जळाले तेव्हा जगभरातून पैशाचा ओघ लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. झेस्ते या गावच्या एकोणिसाव्या शतकातील चर्चला तसे भाग्य लाभले नाही. डागडुजीचा खर्च परवडत नाही म्हणून न्यायालयीन झगड्यानंतर २०१३ साली मनोरा राखून ते पाडण्यात आले व तेथे लहान चर्च बांधले गेले. फ्रेंच सिनेटच्या २०२२ च्या अहवालाने २५०० ते ५००० धार्मिक वास्तू २०३० पर्यंत ओस पडण्याचा, विकल्या वा पाडल्या जाण्याचा धोका वर्तविला.

झेस्तेविषयी स्मारकप्रेमींनी हळहळ व्यक्त केली, ती रास्त होती. मला मात्र तेथे बारेस व प्रूस्त या दोघांनाही न सुचलेला प्रश्न दिसतो. जुनी भव्य वास्तू गेली, पण त्याच जागी मंडळी पुन्हा वेदीभोवती जमू शकली. दुसरीकडे कित्येक गावांत छप्पर शाबूत आहे, कुलूपही नीट आहे, आणि अनेक गावे सांभाळणारा एकटा धर्मगुरू तेथे वर्षातून मोजक्याच वेळा येतो. यांपैकी कोणत्या गावाचे चर्च वाचले म्हणावे, याचे उत्तर बारेसच्या ग्रंथात मला सापडले नाही.