रशियन वर्णमाला आणि मराठी कान

टॉलस्टॉय हे नाव मराठीत इतके रुळले आहे की त्यातील दोन्ही ट परके आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रशियन भाषेत ट नाही. तेथे आहे तो दन्त्य त, म्हणजे मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असलेलाच त. आणि रशियन माणूस हे नाव साधारणतः 'तल्स्तोय' असे उच्चारतो. इंग्रजी शब्दांतील 'टी' मराठीत ट-ने लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे इंग्रजीच्या वाटेने आलेल्या ह्या नावातही ट शिरला. घरात असलेली वस्तू शेजाऱ्याकडून, तीही मोडकी, उसनी आणावी असा हा प्रकार होय. रूढ नावांपुरते ते क्षम्य आहे. वर्णमाला शिकताना मात्र नाही.

मुंबईच्या उपनगरांना रशियाचा परिचय नवा नाही. पवईची तंत्रज्ञान संस्था १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएट साहाय्याने स्थापन झाली; यंत्रसामग्रीबरोबर तज्ज्ञही आले. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी मराठीत लिहिले. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग आहे. अंधेरी-मुलुंडकडून अशा वर्गास येणारा विद्यार्थी घरी मराठी बोलत असला, तरी वर्णमाला शिकतो ती बहुधा इंग्रजी माध्यमातील पुस्तकावरून. आणि वहीच्या समासात देवनागरी प्रतिवर्णांचे एक कोष्टक मांडून ठेवतो. ह्या कोष्टकाचेच परीक्षण येथे अभिप्रेत आहे.

रशियन वर्णमालेत तेहतीस अक्षरे आहेत : दहा स्वर, एकवीस व्यंजने आणि स्वतःचा उच्चार नसलेली दोन चिन्हे. एका अक्षरास एक ध्वनी असे कोष्टक गृहीत धरते. पण रशियन लिपीचे मर्म नेमके ह्या गृहीताबाहेर आहे. दहा स्वराक्षरे ही वस्तुतः पाच जोड्या आहेत. जोडीतील कोणते अक्षर पुढे आले ह्यावरून मागील व्यंजन कठोर उच्चारावयाचे की मृदू, हे ठरते. व्यंजनाची पुरी ओळख पुढील स्वरचिन्हावाचून पटत नाही, ही गोष्ट इंग्रजी विद्यार्थ्यास चमत्कारिक वाटेल. बाराखडीवर वाढलेल्यास वाटू नये. किंबहुना प्रत्येक व्यंजनाची एक 'दहाखडी' घोकून घेतल्यास समासातील कोष्टकाची गरजच बरीचशी संपेल.

परंतु येथे परिभाषाच आड येते. मराठी व्याकरणात क, त, प हे कठोर वर्ण आणि ग, द, ब हे मृदू वर्ण. रशियन व्याकरणातील ह्याच अर्थाच्या संज्ञांचा घोषाशी काहीही संबंध नाही. तेथे मृदू म्हणजे जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलून केलेला, तालव्यीकृत उच्चार. 'मृदू त' असे अध्यापक म्हणतात आणि विद्यार्थी द-कडे वळतो. 'तालव्यीकृत' ही संज्ञा जड असली तरी पहिल्या दिवसापासून तीच वापरणे इष्ट.

तालव्यीकृत व्यंजन देवनागरीत 'त्य', 'ल्य' असे लिहिले की दुसरी अडचण उद्भवते. रशियनमध्ये उड्डाण ह्या अर्थाचा एक शब्द आणि 'ओतील' ह्या अर्थाचे एक क्रियारूप कोष्टकाप्रमाणे दोन्ही 'पल्योत' असेच लिहिले जातील. भेद इतकाच की पहिल्यात ल तालव्यीकृत असून लगेच स्वर येतो, दुसऱ्यात ल आणि स्वर ह्यांच्यामध्ये स्वतंत्र य उभा असतो. हा भेद मराठी कानास अगदीच अपरिचित आहे काय? दर्या आणि दऱ्या हे शब्द उच्चारून पाहावेत. 'दर्या'त र् आधीच्या अक्षराकडे जातो आणि य सुटा राहतो. 'दऱ्या'त दोघे एकवटून पुढील स्वराशी मिळतात. दऱ्यांतील र रशियन अर्थाने पूर्ण तालव्यीकृत नव्हे, हे खरे. तरीही प्रवेशद्वार म्हणून ह्या जोडीइतके सोयीचे उदाहरण इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही.

स्वरांविषयी थोडक्यात. आघात नसलेला ओ रशियनमध्ये अ-कडे झुकतो. मॉस्को लिहिले जाते 'मोस्क्वा', ऐकू येते 'मस्क्वा'. "आमची भाषा लिहितो तशीच बोलतो" ही मराठी विद्यार्थ्याची तक्रार येथे हमखास ऐकू येते; 'करवत' लिहून 'कर्वत' वाचणाऱ्याने ती करावी, हे गमतीचे आहे.

उलट दिशेचा अनुभवही बोधक आहे. पंधराव्या शतकात चौलमार्गे जुन्नरला आलेल्या अफनासी निकितिनने जुन्नरचे नाव च-ने आरंभ करून लिहिले, कारण त्याच्या लिपीत ज-साठी अक्षर नव्हते. 'मराठी' हा शब्द आजही रशियनमध्ये ठ-साठी त आणि घर्षक ख अशी दोन अक्षरे जोडून लिहिला जातो.

सर्वांत मोठा धोका मात्र सर्वांत सोप्या वाटणाऱ्या ठिकाणी आहे. 'चारा'तील दन्ततालव्य च आणि 'चार'मधील तालव्य च हे दोन ध्वनी मराठी माणूस सहज वेगळे करतो. देवनागरी मात्र दोहोंस एकच अक्षर देते. रशियन लिपीत त्यांना 'त्से' आणि 'चे' अशी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. (श आणि ष ह्यांची गत नेमकी उलटी : भेद लिपीत शिल्लक, मुखातून बहुशः गेलेला, आणि रशियनला तो हवा आहे.) त्यामुळे 'त्से' हे अक्षर विद्यार्थी पहिल्याच तासाला आत्मसात करतो आणि अध्यापक निश्चिंत होतात. पण मराठीत इ, ए किंवा य पुढे आला की हा दन्ततालव्य ध्वनी तालव्य होतो. 'चमचा'चे अनेकवचन 'चमचे' आणि 'माझा'चे 'माझे' करताना जीभ आपोआप मागे सरकते. रशियन 'त्से'ला हा नियम ठाऊक नाही. ते कोणत्याही स्वरापूर्वी कठोरच राहते. म्हणून किंमत ह्या अर्थाचा 'त्सेना' हा शब्द मराठी तोंडी 'चेना' होऊ पाहतो, आणि 'त्सिर्क' म्हणजे सर्कस, 'चिर्क'. ही चूक अक्षर न ओळखल्याची नाही, म्हणून अक्षर पुन्हा गिरवून ती जात नाही. 'चमचा-चमचे' म्हणताना आपली जीभ काय करते, हे विद्यार्थ्यास आधी जाणवून द्यावे लागेल. आणि 'त्से'ची दहाखडी आ-पासून नव्हे, तर ए-पासून सुरू करावी लागेल.