दुखणे आमचे, नाव ग्रीकांचे

ग्रीक लोकांशी आमच्या घराण्याचे वैर नाही. सिकंदर पंजाबातूनच परतला, सिहोऱ्यापर्यंत आला नाही. त्याची भाषा मात्र आली, तीही थेट आमच्या आत्याच्या कमरेपर्यंत!

सिहोरा म्हणजे धानाचा मुलूख. रोवणीचे दिवस होते. चिखलात दिवसभर वाकून आत्या घरी आली ती कंबर धरूनच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले, 'मायाल्जिया'. घरात सगळे चिडीचूप. मी कोश उघडला. 'मायो' म्हणजे स्नायू, 'अल्गोस' म्हणजे दुखणे. आत्या म्हणाली, "हेच त् सांगितलं न मी त्याले! मंग पैसे कायचे घेतले?"

मग मला नादच लागला. डोके दुखले की सेफॅलॅल्जिया, कान दुखला की ओटॅल्जिया, दात दुखला की ओडोंटॅल्जिया. अवयवाचे नाव घ्या, शेपूट लावा, झाला रोग! गिळताना दुखले तर मात्र 'अल्गोस' रजेवर जातो आणि 'ओडिनी' कामावर येते : ओडिनोफेजिया. यात सोय आहे, हे कबूल. तुमसरचा डॉक्टर टोकियोच्या डॉक्टरला बिनचूक कळतो.

रोग्याचे काय? हे शब्द कुठे दुखते ते सांगतात, कसे दुखते ते नाही. आमच्याकडे गळू ठणकते, डोळे चुरचुरतात, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते. आत्या पहिल्या दिवसापासून सांगत होती, "कमरेतून चमक निंगते न् पोटरीत उतरते." ती चमक 'मायाल्जिया'त मावली नाही. दीड महिना गोळ्यांत गेला. शेवटी नागपुरात दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, "कसं दुखतं, आई?" चमक ऐकली, पाय सरळ उचलून पाहिला आणि म्हणाले, "नस दबली आहे."

१९७५ साली कॅनडात रोनाल्ड मेलझॅक यांनी दुखणे कसे आहे ते रोग्यालाच विचारणारी ७८ शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आत्याला विचारले असते, तर शंभरी सहज भरली असती.

नागपुरात कंबर सुधारली, पण आत्या जेवेना. "घरी ने," एवढेच म्हणे. पुन्हा कोश! 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणे, त्याला तेच शेपूट : नॉस्टॅल्जिया. १६८८ साली बाझलमध्ये योहानेस होफरने वैद्यकाच्या प्रबंधात हा शब्द घडवला, तो चक्क एक रोग म्हणून. उपायही दिला : रोग्याला घरी धाडा.

हा एकच ग्रीक आत्याला पटला. दुसऱ्या दिवशी आम्ही तुमसरची एस.टी. धरली.