मिल यांचे स्वातंत्र्य आणि त्यातील अपवाद

पाश्चात्त्य उदारमतवादाच्या परंपरेत जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. इतरांची हानी टाळण्याव्यतिरिक्त व्यक्तीवर बळाचा वापर करण्याचा अधिकार समाजाला नाही, हे तत्त्व त्यांनी ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथात मांडले. मात्र त्याच ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात ‘मागासलेल्या’ समाजांना त्यांनी या तत्त्वातून वगळले आहे. सुधारणा हे उद्दिष्ट असल्यास तेथे एकतंत्री सत्ता त्यांना समर्थनीय वाटते.

मिल १८२३ ते १८५८ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात सेवेत होते. तथापि, केवळ नोकरीने या अपवादाचा उलगडा होत नाही. ते स्वातंत्र्याचे समर्थन अमूर्त हक्कावर नव्हे, तर उपयुक्ततेवर आधारतात. त्यामुळे चर्चेने सुधारण्याची क्षमता ही स्वातंत्र्याची पूर्वअट ठरते आणि ती कोणाकडे आहे, याचा निर्णय व्यवहारात शासकाकडेच जातो.

‘द सब्जेक्शन ऑफ विमेन’ (१८६९) मध्ये मात्र, पराधीनतेत घडलेल्या स्वभावावरून स्त्रियांची कुवत ठरवता येत नाही, असे मिल स्वतःच प्रतिपादन करतात. हाच न्याय पराधीन समाजांना लावला असता, तर त्यांचा अपवाद टिकला नसता. म्हणूनच हे दोन ग्रंथ एकत्र अभ्यासणे आवश्यक ठरते.