बोलावलेला साक्षीदार : राजा दीनदयाळ यांची नगरचित्रे

सुंदर नगरे पाहत हिंडावे आणि त्याबद्दल मान आणि बिदागी दोन्ही मिळावीत, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या वाट्यास ते आले. मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रुजू झाले. पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर यांचा त्यांना आश्रय लाभला, आणि १८८२ साली मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. या भागातील त्यांची चित्रे १८८६ साली ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, सांची ही नावे ज्यांनी केवळ ऐकली होती, त्यांना ती डोळ्यांनी पाहण्याची सोय या ग्रंथाने करून दिली.

बालाघाटसारख्या आडबाजूच्या गावी बसून आम्ही ही चित्रे अनेकवार पाहिली आहेत. त्यांच्या गुणांविषयी आरंभीच निःशंकपणे बोलले पाहिजे. दीनदयाळ यांचा डोळा आरेखकाचा आहे. इमारतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. कमानीमागची कमान, सज्जाखालची तोडी, जाळीतली छिद्रे मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ दिसतात. सॅम्युअल बोर्नसारख्या त्यांच्या आधीच्या इंग्रज छायाचित्रकाराला वास्तूभोवती झाडे, पाणी आणि रम्य अवकाश यांची जुळणी हवी असे. दीनदयाळ वास्तूला सरळ सामोरे जातात. त्यांना तिचे काव्य करावयाचे नसते, तिची ओळख पटवून द्यावयाची असते. हा संयम थोर आहे.

तरीही ही चित्रे ओळीने पाहता पाहता मनात एक अस्वस्थता उत्पन्न होते. राजवाडा आहे, परंतु त्याच्या पायथ्याशी नांदणारे गाव कोठे आहे? माणसे असलीच तर एखादा पागोटेवाला पायरीवर उभा असतो, आणि तोही बहुधा दरवाजा किती उंच आहे हे कळावे म्हणून. ज्या नगरात बाजार भरत नाही, पाणी भरले जात नाही, कोणी कोणाशी भांडत नाही, ते नगर सुंदर दिसले तर त्यात नवल ते काय? पणजीच्या सौझा आणि पॉल यांनी त्याच शतकात टिपलेली जुन्या गोव्याची ख्रिस्तमंदिरे ज्या गोमंतकीय वाचकांनी पाहिली असतील, त्यांना आमचे म्हणणे चटकन पटेल.

यावर एक आक्षेप संभवतो. त्या काळच्या काचपट्ट्या मंद होत्या, हालणारी गर्दी त्यांवर उमटत नसे, असे म्हणता येईल. हा आक्षेप अंशतः खरा आहे. त्या पट्ट्या निळ्या रंगाला अवाजवी हळव्या असत. म्हणून ग्वाल्हेरच्या मानसिंहाच्या महालावरील निळ्या फरशांची शोभा चित्रात फिकी पडते आणि आकाश कोऱ्या कागदासारखे उरते. हा दोष यंत्राचा, छायाचित्रकाराचा नव्हे. परंतु याच दीनदयाळ यांनी लष्करी कवायती टिपल्या, दरबार टिपले, निजामाच्या शिकारी टिपल्या. तेथे शेकडो माणसे चित्रात मावली. तेव्हा बाजार चित्रात आला नाही याचे सगळे खापर काचपट्टीवर फोडता येणार नाही.

आमच्या वकिली व्यवसायात छायाचित्र हा पुरावा असतो, आणि पुराव्याला प्रश्न विचारावे लागतात. ते कोणी घेतले, केव्हा घेतले, कोठे उभे राहून घेतले? पूर्वी मूळ ऋणप्रत दाखल करावी लागे. आज संगणकीय प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. परंतु साक्षीदाराच्या बाबतीत सर्वांत मोलाचा प्रश्न निराळाच असतो : त्याला कोणी बोलावले? प्रामाणिक साक्षीदारही विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. दीनदयाळ यांना एजंटसाहेबांनी बोलावले, होळकरांनी बोलावले, पुढे हैदराबादच्या निजामाने बोलावून १८९४ साली राजा हा किताब दिला. त्यांना विचारले गेले ते वास्तूंविषयी आणि वैभवाविषयी. त्यांनी उत्तर दिले तेही त्याच विषयी. ते खोटे बोलले नाहीत. परंतु न विचारलेले सांगण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते, अथवा त्यांनी ते घेतले नाही.

याचा दाखला त्यांच्याच कामात आहे, आणि तो आपल्या मराठी मुलुखातला आहे. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबाद भागात, दीनदयाळ यांच्या पेढीने दुष्काळ-निवारणाच्या कामांची चित्रे घेतली. त्यांत हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने समोर बसविलेली आहेत. राजवाड्याच्या कमानी जितक्या स्वच्छ, तितक्याच या बरगड्या स्वच्छ. पायरीवर मापापुरता उभा असलेला माणूस येथे चित्राचा विषय झाला. परंतु तोही ‘कृशतेचे प्रकार’ अशा मथळ्याखाली. दरबाराच्या चित्रात सरदारांची नावे सांगितली जातात. येथे एकाचेही नाव नाही. सरकारने विचारले : भुकेने माणसाचे काय होते? साक्षीदाराने दाखविले. तो माणूस कोण, हे कोणी विचारलेच नाही.

आमच्या मते दीनदयाळ यांचे मोठेपण आणि त्यांची मर्यादा यांचे मूळ एकच आहे. सोपविलेल्या कामाशी ते इतके इमानी होते की काम सोपविणाऱ्याची दृष्टीही त्यांच्या चित्रांत निखळ उतरली. पुढे शंभर वर्षांनी रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी काशी आणि मुंबई रंगांत टिपली, तेव्हा इमारत मागे सरली आणि धक्काबुक्की करणारे नगर पुढे आले. ती चित्रे दीनदयाळ यांच्या चित्रांइतकी नीटस नाहीत. परंतु त्या नगरांत माणसे राहतात, याविषयी शंका उरत नाही.

आता थोडे आमच्या गावाविषयी. ग्रिफिन यांच्या ग्रंथात बालाघाट नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. १८६७ साली निर्माण झालेला हा जिल्हा मध्य प्रांतातला, इंग्रजांच्या थेट अमलाखालचा. येथे संस्थानिक नव्हता, दरबार नव्हता. मग छायाचित्रकाराला बोलावणार कोण? येथे वैनगंगा आहे, लांजीचा पडका किल्ला आहे, भरवेलीची मँगनीजची खाण आहे, आणि मराठी, हिंदी, पवारी व गोंडी एकाच बाजारात बोलणारी माणसे आहेत. सुंदर नगरांच्या यादीत हे गाव कधीच नव्हते. जबलपूरकडे जाणारी सातपुड्याची छोटी गाडी २०१५ साली थांबली. तिच्या डब्यांतून टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायांचे चेहरे आम्हांस आठवतात, परंतु आमची आठवण आमच्यानंतर कोणाच्या उपयोगी पडणार?

दीनदयाळ यांच्या २,८०० हून अधिक काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, हे योग्यच झाले. मात्र त्या पाहताना केवळ ‘वा!’ म्हणून पान उलटू नये. हे चित्र कोणासाठी काढले, आणि चौकटीबाहेर कोण उभे होते, हे दोन प्रश्न विचारून मग पुढे जावे. आज तर कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशात आहे. साक्षीदाराला बोलावण्यास आता राजाची गरज उरलेली नाही. आमच्या बाजारातील तरुण तो कॅमेरा घेऊन ग्वाल्हेर-मांडूस जातात आणि राजवाड्यापुढे उभे राहून स्वतःचे चित्र काढून घेतात. त्यांनी अवश्य जावे. परंतु परतल्यावर एखादा रविवार वैनगंगेच्या घाटावर आणि भरवेलीच्या रस्त्यावरही घालवावा, आणि ज्यांचे चित्र घेतील त्यांचे नाव, गाव नि तारीख विसरल्यावाचून खाली लिहावी.